न्यू जर्सीतले उजवे आणि घरपट्टी

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय म्हणतोय तुमचा ट्रम्प?" आता न्यू जर्सीतल्या उजव्यांचं ऐकायला बसलात, तर ट्रम्प बरेच उशिरा येतात. आधी येते घरपट्टी.

ही घरपट्टी वर्षातून चारदा भरायची: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या 1 तारखेला. राज्याची सरासरी वर्षाला 10,000 डॉलरच्या घरात आहे आणि देशात इतकी कुठेच नाही. बिलावर काउंटीचा (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचा), नगरपालिकेचा आणि शाळेचा असे मुख्य वाटे वेगळे छापलेले असतात. त्यात बहुतेक गावांत शाळेचाच आकडा सगळ्यात मोठा. आमच्या ओळखीचे एक काका दर वेळी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणतात, "पोरं कधीच शिकून गेली, आता कुणाची फी भरतोय मी?" काका पक्के डेमोक्रॅट. पण गाडीत न्यू जर्सी 101.5 हे उजव्या कलाचं रेडिओ स्टेशन लावतात.

या स्टेशनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. राज्याच्या वरच्या अंगाला टीव्हीवर न्यूयॉर्कच्या बातम्या दिसतात, खालच्या अंगाला फिलाडेल्फियाच्या. ट्रेंटनला, म्हणजे राजधानीत, काय शिजतंय हे सांगणारं मोठं चॅनल जवळजवळ नाहीच. ती जागा 1990 मध्ये या रेडिओनं घेतली. त्याच वर्षी नवे डेमोक्रॅट गव्हर्नर जिम फ्लोरिओ यांनी 2.8 अब्ज डॉलरची करवाढ आणली. गरीब भागातल्या शाळांना जास्त पैसा द्या, असा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता आणि तिजोरीत खडखडाट होता. कारण खोटं नव्हतं. पण विक्रीकर 6 वरून 7 टक्के झाला आणि त्यात टॉयलेट पेपरही आला! रेडिओवाल्यांना आणखी काय हवं? जॉन आणि केन ही जोडी रोज दुपारी फ्लोरिओंना सोलून काढायची. स्टेशनला फोन केलेल्या एका टपाल कर्मचाऱ्याभोवती बघता बघता आंदोलन उभं राहिलं, ट्रेंटनला हजारोंचे मोर्चे निघाले, टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या मिरवल्या गेल्या. 1991 च्या निवडणुकीत विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली, तीही गव्हर्नरचा नकाराधिकार मोडता येईल इतक्या बहुमतानं. विक्रीकर परत 6 टक्क्यांवर आला आणि 1993 मध्ये रिपब्लिकन क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी फ्लोरिओंना थोडक्यात हरवलं. टॉयलेट पेपरवर इथे आजही विक्रीकर नाही.

देशपातळीवरची कथा तुम्ही वाचली असेल. दोन्ही बाजू ऐकवण्याचं प्रसारकांवरचं बंधन 1987 मध्ये उठलं, 1988 पासून उजवे रेडिओ निवेदक रश लिंबॉ देशभर ऐकू येऊ लागले, आणि 2020 मध्ये ट्रम्प यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. लिंबॉ बोलायचे ते वॉशिंग्टनबद्दल. ते ऐकून राग यायचा, करमणूक व्हायची, पण ऐकणाऱ्याच्या हातात करण्यासारखं फारसं काही नसायचं. ट्रेंटनवरचा राग मात्र गाडीत बसून तासाभरात थेट तिथे नेता येतो.

उजव्यांचं हिशेब मागणं मला पटतं. पण खर्च कुठे कापायचा म्हटलं की तोंडं गप्प. या एवढ्याशा राज्यात 564 नगरपालिका आहेत. बहुतेकांचं सभागृह वेगळं, अनेकांचे पोलीस वेगळे, शाळांचे जिल्हे आणखी वेगळे. सरकार लहान हवं म्हणणारा माणूस स्वतःच्या गावाचा पोलीसप्रमुख सोडायला तयार नसतो. प्रिन्स्टन नावाची दोन गावं एकमेकांना खेटून होती, ती 2013 मध्ये एक व्हायला कित्येक दशकं लागली. आणि शाळांचं म्हणाल, तर आम्ही मराठी लोक एडिसनमध्ये महागडी घरं घेतो ती शाळा बघूनच. घराचा भाव वाढला की खूश आणि घरपट्टी वाढली की रेडिओ, असं आपलं चालतं. (पेट्रोलचंही तेच. इथे स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्यानं बंदी आहे. बाजार मोकळा सोडा म्हणणारेसुद्धा थंडीत काच खाली करून पंपवाल्याची वाट बघतात.)

2025 मध्ये या स्टेशनचा सकाळचा निवेदक बिल स्पेडिया स्वतःच गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरला. वर्षानुवर्षं रोज सकाळी लोकांच्या गाडीत बसलेला माणूस, राज्याच्या करांवर तोंडपाठ बोलणारा. पण ट्रम्प यांनी पाठिंबा दिला जॅक चिटरेली यांना, ज्यांनी 2015 मध्ये ट्रम्पना भोंदू म्हटलं होतं! जूनमध्ये स्पेडिया मोठ्या फरकानं हरला. म्हणजे राज्याच्या फेरीतही शब्द चालला तो वॉशिंग्टनचाच. माझ्या मते ट्रेंटनवरचा राग हे आपलं सगळ्यात चांगलं हत्यार उजव्यांनी तिथेच बोथट करून घेतलं.

कारण त्याच जूनमध्ये वीजबिलं 17 ते 20 टक्क्यांनी वाढली. 1990 सारखाच मुद्दा आयता दारात आला होता. उजव्यांनी खापर फोडलं तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर मर्फी यांच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या धोरणावर, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण डेमोक्रॅट मायकी शेरिल यांनी सरळ सांगितलं, निवडून आले तर वीजदरांबाबत आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. चिटरेली ट्रम्प यांच्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले आणि नोव्हेंबरमध्ये शेरिल दोन आकडी टक्क्यांच्या फरकानं जिंकल्या.

काकांचं मत शेरिलना. "दर खरंच गोठतात का बघू," म्हणाले, "नाहीतर रेडिओवाल्यांना फोन लावतो."