पार्ट हातात, मगच ट्रॅक्टर फोडायचा

लातूर जिल्ह्यातल्या एका ट्रॅक्टर डीलरकडे मी पार्ट आणि सर्व्हिस दोन्ही बघतो. मे २०२१ मध्ये वर्कशॉपात दोन ट्रॅक्टर मधोमध फोडून ठेवलेले. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे. दोन्हींना क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसणारी चकती, हवी होती. चूक माझीच. ऑर्डर टाकली की चौथ्या दिवशी खोकं येतं, या सवयीवर मिस्त्रीला 'फोड' म्हणालो. अकरा दिवसांनी खोकं आलं, त्यात प्लेट एकच.

कोरोनाची दुसरी लाट होती. २२ एप्रिलपासून बहुतेक कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला होता. ते बरोबरच होतं, पण कटिंग-वेल्डिंगवर चालणाऱ्यांचं काम अडलं, आमचंही गॅस वेल्डिंग बंद. निर्बंधांमुळे काउंटर सकाळी ७ ते ११ एवढंच उघडं. मृग तोंडावर.

प्लेट कुणाला द्यायची? एक ट्रॅक्टर एका काकांचा, नंबर आधी त्यांचा होता. पण दुसरा गडी भाड्यानं पेरण्या करणारा. त्याचा ट्रॅक्टर उभा म्हणजे निम्म्या गावाचं सोयाबीन अडलं. त्याला दिली. काका काउंटरवर हात आपटून म्हणाले, "साहेब, मग नंबर कशाला लावता?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्यांच्या जुन्या प्लेटला बाजारातलं लायनर, म्हणजे प्लेटवरचा घासला जाणारा थर, रिबिट मारून बसवलं. डीलरकडे असलं चालत नाही. गाडी वॉरंटीबाहेरची होती, म्हणून जॉब कार्डवर तसं लिहून त्यांची सही घेतली.

तेव्हापासून पार्ट हातात आल्याशिवाय ट्रॅक्टर फोडत नाही. चालतोय तोवर शेतात चालू दे, वर्कशॉपची जागा तरी अडत नाही.

ऑइल फिल्टरची तऱ्हा वेगळी. टंचाईची कुणकुण लागताच जो तो चार-चार मागू लागला. जुना दाखवा, नवा न्या, असं केलं. तर एकच जुना फिल्टर तीन जणांनी फिरवून आणला! पेंटचा डाग ओळखीचा वाटला म्हणून सापडले. मग जुना हातात आला की आधी पेचकस घालून भोक पाडायचो. काउंटरभर काळं ऑइल व्हायचं, पण फिरवाफिरवी थांबली.

काकांची नवी प्लेट ऑगस्टमध्ये आली. फोन केला तर म्हणाले, "राहू द्या, चालायलंय की."