भाड्याच्या घरातल्या भिंती आणि दोन-तीन युरोच्या फ्रेमा

इथे नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये डिसेंबरात सकाळी पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला परत अंधार, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात उन्हाला भिऊन खिडक्या लावून घेतात तसं इथे उजेड असेपर्यंत लोक खिडकी सोडत नाहीत. पडदे तर बऱ्याच घरांना नसतातच, किंवा असले तरी उघडेच. रस्त्याने जाताना सरळ हॉल दिसतो, खिडकीच्या कट्ट्यावर दोन कुंड्या, एखादी मातीची बदकाची जोडी, मागे भिंतीवर चित्र. सुरुवातीला मला वाटायचं हे सगळे पैसेवाले, ओरिजिनल पेंटिंगं घेत असतील. कसलं काय! निम्म्या वस्तू क्रिंगलोपच्या असतात, म्हणजे लोकांनी दान दिलेलं जुनं सामान विकायचं दुकान. तिथे लाकडी फ्रेम दोन-तीन युरोत मिळते, आतलं चित्र भयाण असतं, ते काढून टाकायचं आणि फ्रेम ठेवायची.

आणि 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस, त्या दिवशी कुणीही रस्त्यावर चादर अंथरून घरातलं सामान विकू शकतं, परवाना लागत नाही. पोरंसोरं स्वतः काढलेली चित्रंसुद्धा विकतात. मी एका चिमुरडीकडून निळी गाय घेतली, पन्नास सेंटला, ती आता बाथरूमच्या दारावर आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याबद्दल विचारतो. हॉलमधल्या महागड्या आरशाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही 😄

आता फ्रेममध्ये घालायचं काय, तर अॅमस्टरडॅमच्या रेइक्सम्यूझियम या संग्रहालयाने स्वतःकडच्या लाखो चित्रांचे मोठे फोटो वेबसाइटवर फुकट ठेवलेत, डाउनलोड करा, प्रिंट करा, कुणी काही म्हणत नाही. भारतातूनही चालतं बरं का. मी व्हर्मीर या डच चित्रकाराची दूध ओतणारी बाई घेतली. 1660 च्या आसपासचं चित्र, मूळ आकार जेमतेम 45 बाय 41 सेंटिमीटर, म्हणजे घरात लावायला फार छोटं करावंच लागत नाही. पिवळी चोळी, निळं फडकं, बाह्या वर सारलेल्या, टेबलावर पाव आणि पावाचे तुकडे. पण मला त्यातली सगळ्यात जास्त काय आवडते तर मागची रिकामी भिंत. तिच्यात त्याने एक खिळा काढलाय, खिळ्याची सावली काढलीय, आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं पण काढलीत! इथे माझा घरमालक एका भोकासाठी डिपॉझिट कापायची भाषा करतो, म्हणून माझी व्हर्मीरबाई चिकटपट्टीवर लटकलीय आणि तिच्या भिंतीला मात्र भोकंच भोकं.

ती ओट्याच्या समोर आहे, हॉलमध्ये नाही, मुद्दाम. हॉलमध्ये आपण मोबाईल बघतो. चहा उकळेपर्यंत दुसरं काही करायला नसतं तेव्हा नजर जाते आणि दर वेळी काहीतरी नवीन दिसतं, परवा तर खाली कोपऱ्यातल्या टाइलवरचा बाण घेतलेला मदन दिसला, इतके दिवस कुठे होता कोण जाणे.

तसं बघितलं तर आपल्या अमळनेरच्या घरात भिंत रिकामी कधी होती? दाराच्या वर ओळीने फ्रेमा, सुतळीने बांधून पुढे झुकवलेल्या, गजानन महाराज, लक्ष्मी, आजोबांचा कोट घातलेला फोटो, आणि जुन्या कॅलेंडरची चित्रं वर्ष संपलं तरी कुणी फेकायचं नाही. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये छापखाना काढला म्हणून तर देव-देवी चार पैशात घरोघरी आले. स्वस्तात चित्र लावायची सवय आपल्याला जुनीच आहे, फक्त आपण त्याला डेकोरेशन म्हणत नव्हतो. आणि रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं नाव मी नेदरलँड्समध्ये नाही, चाळीसगावला पहिल्यांदा ऐकलं. केकी मूस, तो वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला पारशी फोटोग्राफर, त्याने स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याचं नाव रेम्ब्रांट्स रिट्रीट ठेवलं होतं. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून अख्खं दृश्य उभं करायचा आणि त्याचा फोटो काढायचा. खान्देशात राहून कुणी बघितलं नसेल तर बघून या.

तिकडे प्रिंट काढणार असाल तर मॅट पेपर सांगा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते, चित्र नाही. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका, आपलं ऊन दोन उन्हाळ्यात रंग खाऊन टाकतं. फ्लेक्सवाल्याकडे तर जाऊच नका प्लीज.

व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "हाई बाई कोन शे वं?" सांगितलं, शिळ्या पावात दूध घालून काहीतरी करत असावी असं म्हणतात. मग दूध-भाकरच की, म्हणाली, आणि फाइल पाठव म्हणाली. आता ती बाई अमळनेरला फ्रिजच्या वर, महाराजांच्या शेजारी लागलीय. हार घालू नको, एवढं मात्र मी दोनदा बजावलंय.