आमची वाटचाल : इंजिन बंद करायला शिकलो

२००९ च्या दिवाळीत दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कुटुंबाने वडिलांना विचारलं, "काका, डॉल्फिन दाखवाल का?" तोवर आमची होडी फक्त मासेमारीला जायची. जाळ्यातली मासळी पळवतो म्हणून गाद्याचा (डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात) सगळ्यांना रागच. त्याला बघायला कोणी पैसे देईल, हे वडिलांना खरं वाटेना.

पहिली काही वर्षं आम्ही चुकलो. पाण्यावर कुबड दिसलं की चार-पाच होड्या चहूबाजूंनी सुटायच्या, त्यात आमचीही असायची. एका सकाळी एक मादी पिल्लासकट होड्यांच्या मधे सापडली. श्वासापुरती वर यायची, लगेच बुडी मारायची. पिल्लू तिच्या कुशीला चिकटलेलं. वडील परतताना एक शब्द बोलले नाहीत. होडी वाळूला लागल्यावर म्हणाले, "लेकुरवाळीच्या मागे लागायचं नाय."

तेव्हापासून आम्ही पाठलाग करत नाही. हे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यातले, खाडीच्या मुखाशी मासळीच्या मागे फिरणारे. तिथे लांबच इंजिन बंद करून थांबायचं. मग त्यांच्या श्वासाचा 'फुस्स' आवाज ऐकू येतो. तो ऐकला की लहान मुलंसुद्धा आपोआप गप्प होतात. मला या धंद्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

परदेशातले व्हिडिओ पाहून "त्यांच्यासोबत पोहायचंय" म्हणणारे पाहुणे दर हंगामात येतात. आम्ही नाही म्हणतो. वाघाइतकंच संरक्षण डॉल्फिनलाही आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत तो येतो. आणि कायदा नसता तरी, पिल्लाला पाजणाऱ्या आईच्या अंगावर आम्ही माणसं सोडली नसती. त्यापायी काही बुकिंगं गेली, जाऊ देत.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात होडी फुटली, वाडीतले माड-पोफळी आडव्या झाल्या. कर्ज काढून जुनी होडी घेतली, पुन्हा उभे राहिलो. आज दोन होड्या आहेत. भाऊ आणि मी समुद्रावर, फोन वहिनी सांभाळते.

डॉल्फिन दिसतीलच, असं ती फोनवर कोणालाही सांगत नाही. नाही दिसले तर सुवर्णदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्याला फेरी मारून आणतो. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर या. तेव्हा मतलई म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, पाणी निवांत असतं.