चार दिवसांनी हुकलेली नर्सरी

माझी मुलगी ४ जानेवारी २०२३ ची आणि नणंदेचा मुलगा २९ डिसेंबर २०२२ चा. दोघांना शेजारी झोपवून फोटो काढले तेव्हा कुणाला माहीत, की या सहा दिवसांत शाळेचं अख्खं वर्ष दडलंय.

२०२५ च्या जानेवारीत आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत मोफत प्रवेशाचे, २५ टक्केवाले फॉर्म सुरू झाले. नणंद म्हणाली, वहिनी दोघांचे एकदमच भरून टाकू. जन्मदाखला, रजिस्टर केलेला भाडेकरार आणि आम्ही ओपनमध्ये म्हणून तहसीलमधून काढलेला एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, सगळं घेऊन कॅफेत गेलो. तिच्या मुलाचा फॉर्म पटकन भरला, माझ्या मुलीची तारीख टाकली की इयत्ताच येईना. कॅफेतला पोरगा म्हणे साईट स्लो आहे, उद्या या. दोन दिवस हेलपाटे मारले, शेवटी घरी मोबाईलवर वयाचा तक्ता उघडला तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, नर्सरीसाठी जन्म १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२. म्हणजे साईट ठणठणीत होती, माझीच पोरगी बसत नव्हती!

मला वाटायचं वय फॉर्म भरायच्या दिवशी मोजतात, निदान जूनमध्ये तरी. तसं नाहीये. ज्या वर्षी शाळा सुरू होणार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ पूर्ण हवीत, २०२० च्या सरकारी निर्णयापासून आपल्याकडे हीच तारीख आहे. आणि नर्सरीची वरची मर्यादा ४ वर्षं ५ महिने ३० दिवस, त्यामुळे आमच्यासारखं थोडक्यात हुकलेलं मूल पुढच्या वर्षी आरामात बसतं, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. तोवर मी सासूबाईंना दोनदा सुनावून झालं होतं की तुमच्या मुहूर्ताच्या नादात उशीर झाला (सिझर होतं, तारीख त्यांनी काढलेली, असो). अजून एक म्हणजे शाळेची एन्ट्री लेव्हल बघा, आमच्या जवळच्या बहुतेक शाळा आरटीईतून थेट पहिलीलाच घेतात, नर्सरीवाल्या दोनच निघाल्या.

भाच्याचा लॉटरीत नंबर लागला. जूनमध्ये अडीच वर्षांचंही नव्हतं ते पोर, दप्तरात डबा एक आणि चड्ड्या तीन, गेटवर रडून रडून उलटी करायचं, तेव्हा खरं सांगते, मला आमच्या हुकण्याचं वाईट वाटायचं थांबलं.

अंगणवाडीत ३१ डिसेंबरची भानगडच नाही. मूल ज्या दिवशी तीनचं होईल त्या दिवसापासून बसवा, महिना कुठलाही असो, फी नाही, लॉटरी नाही. आमचं नाव तिथे आधीपासूनच होतं कारण सहा महिन्यांची झाल्यापासून तिचं पोषण आहाराचं पाकीट घरी यायचं. तीन पूर्ण झाल्यावर ते बंद होतं आणि गरम आहार अंगणवाडीतच बसून खायचा असतो, हे मला सेविकाताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. ताईंनी आधी वजनकाट्यावर उभी केली, मग भिंतीला टेकवून उंची घेतली, मोबाईलमध्ये नोंद केली आणि मला म्हणाल्या, तुम्ही निघा आता, तुम्ही दिसलात की ती रडेल. मी दाराआड उभी. बाईसाहेब खिचडीतले शेंगदाणे वेचून शेजारच्या पोराच्या ताटात टाकत होत्या.