अर्धं पान बसून खाणारं

फायर अँड आइस नावाचा होस्टा (पानांच्या शोभेसाठी लावतात ते झाड) लावून यंदा चौथं वर्ष, आणि अजून त्याचा घेर जेमतेम ताटाएवढा. शेजारचा पेट्रियट नावाचा होस्टा, ज्याच्यापासून हा निघालाय म्हणजे ह्याचा बापच की, तो मात्र चांगला दीड हात पसरलाय. पेट्रियटचं पान मधे हिरवं नि कडेला पांढरं, ह्याचं बरोब्बर उलटं, मधे पांढरंफटक आणि हिरवी किनार. दिसायला एक नंबर! पण पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नाही, म्हणजे अर्धं पान बसून खाणारं, मग झाड वाढणार कुठून.

हे मला आधी कुठे माहीत होतं. होस्टा म्हणजे सावलीतलं झाड हे डोक्यात फिट्ट, म्हणून पहिल्या वर्षी पार अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन लावला, तर चार पानं काढून रुसून बसला. मग उचलून उजेडात आणला तर दुपारच्या उन्हात आठवड्याभरात पानांचा मधला भाग करपून पापड, बोट लावलं की चुरा. आता सकाळचं कोवळं ऊन दोनेक तास आणि मग दिवसभर मोठ्या झाडाची सावली, तिथे स्वारी खूश आहे. (गोगलगायींचं विचारूच नका, रात्री टॉर्च घेऊन वेचतो.)

गेल्या वर्षी थंडी सरल्यावर जमिनीतून शिंगांसारखे कोंब वर आले, त्यातला एक उलगडला तो अख्खा हिरवा, आणि काय तरारला होता! मी आपला खूश, म्हटलं आता धरला ह्याने जोर. नंतर वाचल्यावर कळलं की हा उलटलेला, म्हणजे पांढरं सोडून परत साधा हिरवा झालेला फुटवा, ह्याला पूर्ण पानाचं अन्न मिळतं, ठेवला तर हळूहळू पांढऱ्यांना दाबून टाकणार. नुसती पानं खुडून भागत नाही, खालचा डोळा परत हिरवंच काढतो. बियांतूनही हे पान परत मिळत नाही, त्यामुळे जे आहे तेच जपायचं. शेवटी माती उकरली, सुरी स्पिरिटने पुसली कारण होस्टाचा व्हायरस रसातून पसरतो, आणि तो फुटवा मुळांसकट गड्ड्यापासून कापून काढला. कापताना जिवावर आलं, सगळ्यात धडधाकट तोच होता ना.

फेकवला नाही, मागे कुंपणाशी खोचून दिला. पाणी आठवलं तर घालतो. मूळ झाडाच्या दुप्पट झालाय.