तुम्ही विचारलंत म्हणून : मुलांना इतिहास नेमका कुठे नावडू लागतो?

पालकसभेत एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, आमच्या मुलाला इतिहास आवडतच नाही. सनावळ्याच पाठ होत नाहीत त्याच्या. काय करावं?" सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत मी हा विषय शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत आणि दवाखान्याच्या रांगेतही गाठतो. उभ्या उभ्या त्याचे उत्तर देणे जमत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

सनावळ्यांची तक्रार मुळात पालकांची आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या शाळेतून आलेली आहे. आजच्या प्रश्नपत्रिकेत नुसते साल विचारणारे प्रश्न फारसे नसतात. मुलांच्या तोंडी असते ते वेगळेच : "बाई, उत्तर किती ओळींचं लिहायचं?" 'पुढील विधाने सकारण स्पष्ट करा' असा प्रश्न आला की ते कारण शोधायचे नसते, धड्यातल्या ज्या परिच्छेदात ते लिहिलेले आहे तो परिच्छेद ओळखायचा असतो, हे मुलांना सहावीतच कळून चुकते. त्यानंतर अपेक्षित प्रश्नसंच हाती येतो आणि पाठ्यपुस्तक दप्तराच्या तळाशी जाते. या व्यवहारावर खूश असणारी मुलेही वर्गात असतात, हे सांगायला हवे. त्यांच्या मते इतिहासासारखा सोपा विषय नाही, कारण त्यात उदाहरणे सोडवावी लागत नाहीत आणि मुद्दे आले की गुण मिळतात. अशा मुलांना इतिहास आवडतो असे म्हणायला माझे मन घेत नाही.

चौथीत शिवचरित्र असते आणि सातवीत पुन्हा मराठ्यांचा इतिहास येतो. त्या वर्गात पन्हाळ्याचा वेढा शिकवताना माझा तास कधीच वेळेवर संपत नाही. १६६० सालच्या त्या जुलैच्या रात्री एवढा पाऊस होता तर वाट कशी दिसली, पालखी उचलणारे भोई किती वेळाने बदलत असतील, शिवा काशीद यांच्या घरी निरोप कोणी नेला असेल, असे प्रश्न येतात. यातल्या बहुतेकांची उत्तरे माझ्यापाशी नसतात आणि मी तसे सांगते. आठवीत मात्र १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, १७८४ चा पिट्स इंडिया ॲक्ट, मग कायम धारा आणि रयतवारी या शेतसारा वसुलीच्या पद्धती असे प्रकरण सुरू होते आणि तीच मुले एकही प्रश्न न विचारता तास काढतात. कायदे महत्त्वाचे नाहीत असे मला म्हणायचे नाही. त्या पानांवर कोणी माणूस चालताना, भिताना, उपाशी राहताना दिसत नाही, एवढाच माझा आक्षेप आहे. रयतवारीच्या धड्यात रयत फक्त नावापुरती आहे.

त्याच आठवीच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या धड्यात आमच्या गावावर एक छोटा परिच्छेद आहे. मे १९३० मध्ये गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे यांच्यासह काही जण मारले गेले, सरकारने मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. परिच्छेद वाचून संपायला एक मिनिटही लागत नाही, पण माझे त्यावर दोन तास जातात. ज्या चार पुतळ्यांवरून मुले रोज रिक्षाने शाळेत येतात, ती माणसे कोण हे अर्ध्या वर्गाला ठाऊक नसते. मुलांचा पहिला प्रश्न हमखास वयाचा असतो : "तेव्हा ते किती वर्षांचे होते?" कुर्बान हुसेन जेमतेम विशी ओलांडलेले होते, असे सांगितले की बाकांवर वजाबाक्या सुरू होतात, कारण घरोघरी त्या वयाचा एखादा भाऊ असतो. मग खटला कशाचा होता हे विचारले जाते. दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप होता, असे सांगितल्यावर "त्यांनी खरंच मारलं होतं का?" हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. न्यायालयाचा निकाल आणि लोकांची भावना यांच्यात जे अंतर होते, त्याविषयी आठवीतली मुले किती नेमके बोलतात हे ऐकण्यासारखे असते. शेवटी "फाशी सोलापुरात न देता येरवड्याला का दिली?" असे कोणीतरी विचारते. लोक पुन्हा उसळतील या भीतीने, हे उत्तर वर्गातूनच येते. १२ जानेवारी १९३१ ही तारीख मी फळ्यावर फक्त लिहिते, पाठ करा असे म्हणत नाही, तरी ती बहुतेकांच्या लक्षात राहते.

नववीत १९६० नंतरचा भारत शिकायचा असतो. पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांवर आहे आणि तो बहुतेक मुलांना कोरडा वाटतो. तो शिकवताना मी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहून आणायला सांगते. लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, वाटपात मिळणारी सुकडी, खडी फोडण्याची कामे, गुरे विकल्याची आठवण असे बरेच काही वहीत येते. मजुरी किती मिळायची हे आजीला आठवत नाही, पण मिलोच्या भाकरीचा वास आठवतो, असे एका मुलीने लिहिले होते. एका वर्षी शेजारी राहणाऱ्या दोघींनी एकाच पाझर तलावाबद्दल परस्परविरोधी माहिती आणली. एकीच्या आजीच्या मते तो दुष्काळात खोदला गेला, तर दुसरीच्या आजोबांच्या मते आधीच. कोणाचे खरे धरायचे यावर वर्गात जो वाद झाला, तसा मी त्या धड्यावर कधी ऐकला नव्हता. शेवटी एका मुलाने ग्रामपंचायतीत जुने कागद असतील का असे विचारले. मौखिक साधन आणि लिखित साधन यांतला फरक मला त्या वर्षी वेगळा शिकवावा लागला नाही.

शिवजयंतीचा विषय मी त्यानंतर काढते. तिथी आणि तारीख हा वाद मुलांनी ऐकलेला असतो. जन्मवर्षच वादात होते हे मात्र बहुतेकांनी ऐकलेले नसते. शके १५४९ चा वैशाख (इ.स. १६२७) की शके १५५१ चा फाल्गुन (इ.स. १६३०), यावर अभ्यासक अनेक दशके भांडले, जेधे शकावली या जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींतल्या एका नोंदीने पारडे फिरवले आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने स्वीकारली, हे सांगताना मागच्या बाकावरचेही पुढे सरकतात. मोठी माणसे पुराव्यावरून भांडतात आणि पुरावा मिळाला की मत बदलतात, याचे त्यांना नवल वाटते. मोबाइलवर आलेल्या निरोपांत तसे सहसा घडत नाही.

दहावीचे पुस्तक अभ्यासाच्या दृष्टीने चांगले आहे, पण त्याची सुरुवात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि फुको या युरोपीय विचारवंतांपासून होते. 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?' याला चार पर्यायांतून व्हॉल्टेअर निवडायचा हे पंधरा वर्षांच्या मुलीला एका दिवसात पाठ होते, त्याने काय लिहिले याची तिला गरज पडत नाही. राज्यशास्त्रासह हा पेपर चाळीस गुणांचा असल्याने शाळाही त्याच्याकडे चाळीस गुणांपुरतेच पाहतात. दिवाळीनंतर दहावीचे माझे बरेचसे तास गणिताला जातात. मुलांची त्याबद्दल काही तक्रार नसते, आणि मीही फार ओढून धरत नाही, कारण बीजगणितात अडकलेल्या मुलाला रांके कामाला येत नाही.