बाहुला हलतच नाही

शनिवार, रात्री उशिरा

भुताच्या सिनेमांबद्दल आईची एकच अट असते: रक्ताचे पाट नकोत. बाकी करकरणारे जिने, भिंतीमागचे आवाज, खिडकीत दिसून नाहीशी होणारी माणसं, हे सगळं ती मटार सोलत निवांत बघते. म्हणून आज ‘द बॉय’ लावला. विल्यम ब्रेंट बेल या दिग्दर्शकाचा, २०१६चा. मी तो आधी पाहिलेला. तिने नव्हता पाहिला, आणि मला सिनेमापेक्षा तिच्याकडेच बघायचं होतं.

ग्रेटा नावाची तरुणी अमेरिकेतल्या मोंटानाहून इंग्लंडमधल्या एका आडबाजूच्या गढीवजा घरात मूल सांभाळायच्या नोकरीवर येते. मालक-मालकीण, म्हणजे हीलशर पतिपत्नी, आजी-आजोबा शोभावेत अशा वयाचे. आणि ज्याला सांभाळायचं तो त्यांचा ब्राम्स म्हणजे चिनीमातीचा चेहरा असलेला बाहुला. चापून भांग पाडलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला. ग्रेटाला वाटतं थट्टा चाललीय, ती हसते. समोरची दोघं हसत नाहीत. खरा ब्राम्स १९९१ मध्ये आपल्या आठव्या वाढदिवशी आगीत गेला, हे तिला नंतर किराणा पोचवणाऱ्या माल्कमकडून कळतं. तेव्हापासून या बाहुल्याला सकाळी उठवायचं, कपडे घालायचे, धडे वाचून दाखवायचे, रात्री पापा घेऊन निजवायचं, असा त्या घराचा दिनक्रम.

इथे मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? आपण बाळकृष्णाला नाही का निजवत?”

मी गप्प. आमच्या देवघरातल्या बाळकृष्णाला थंडीत लोकरीची टोपी असते, ती तिनेच विणलेली. पंढरपुरात तर विठोबाला पहाटे काकडआरतीने उठवतात, मग स्नान, नैवेद्य, पोशाख, आणि रात्री शेजारती झाली की देव झोपतो. हीलशर आजींनी बाहुल्याच्या गळ्याशी रुमाल लावला तेव्हा परदेशातल्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा आला असेल. आई मात्र त्या बाईच्या हाताकडे कौतुकाने बघत होती. “माया आहे गं तिची,” म्हणाली. सिनेमाची पहिली वीस मिनिटं आमच्या घरात भयपट म्हणून चाललीच नाहीत.

मग नियमांचा कागद आला. म्हातारा-म्हातारी सुट्टीवर निघतात आणि ग्रेटाच्या हातात यादी ठेवतात. पाहुणे आणायचे नाहीत. ब्राम्सला एकटं सोडायचं नाही. त्याचा चेहरा झाकायचा नाही. उरलेलं जेवण टाकायचं नाही, फ्रीझरमध्ये ठेवायचं. गाणी मोठ्या आवाजात लावायची. उंदरांचे सापळे साफ करायचे. निजताना गोष्ट, निजताना पापा. एकूण दहा. आमच्याकडच्या सोवळ्याची यादी याहून लांब होती म्हणा, पण आईने मटार बाजूला ठेवले. “गोष्ट नि पापा कळलं. मोठ्याने गाणी कशाला?”

तिला नेमका तो नियम खटकला याचा मला फार आनंद झाला. उत्तर दिलं नाही.

भीतीची खरी कारागिरी मला त्या बाहुल्याच्या निश्चलपणात दिसते. पडद्यावर तो एकदाही चालत नाही. ग्रेटा त्याला खुर्चीत ठेवते, खोलीबाहेर जाते, परत येते तर तो दुसरीकडे. मधलं काहीच दाखवत नाहीत. ती खडूने त्याच्याभोवती रेघ मारून माल्कमला दाखवते, बघ, आता बाहेर जाऊ आणि परत येऊ. लॉरेन कोहनने हे छान केलंय. घाबरलेली बाई हळूहळू उत्साही होत जाते, मूल पहिल्यांदा उभं राहिल्यासारखी. आणि बाहुल्याचा चेहरा तर एकच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. तरी मी शपथेवर सांगेन की मधे एकदा तो रुसलेला दिसतो. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाटीपुढे, एकदा शवपेटीपुढे जोडून दाखवला आणि लोकांना त्यात भूकही दिसली, दुःखही. इथे तर नटाचाही खर्च नाही.

आपल्याकडे बाहुल्याची भीती म्हटलं की १९९३चा ‘झपाटलेला’ आठवणारच. महेश कोठारेंच्या त्या सिनेमात दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू मरता मरता लक्ष्याच्या बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला धावतो, दात विचकतो, धमक्या देतो. लहानपणी मी त्याला घाबरून पांघरुणात शिरायचे, पण तो काय करणार हे मला ठाऊक असायचं, तो स्वतःच ओरडून सांगायचा. ब्राम्स काही बोलत नाही, मागत नाही. त्याच्या वतीने सगळं आपणच बोलतो.

रविवार, दुपार

(ज्यांना सिनेमा बघायचाय त्यांनी पुढचं वाचू नये. सगळं सांगणार आहे.)

रात्री एक वाजता आई अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “अगं, गाणी त्याच्या कानावर पडावीत म्हणून!”

बरोबर. ब्राम्स मेलेलाच नाही. वीसहून जास्त वर्षं तो त्या घराच्या भिंतींच्या पोकळीत राहतोय, आता तिशीपार गेलेला दांडगा पुरुष, तोंडावर बाहुल्यासारखाच मुखवटा. ग्रेटाला मारहाण करणारा तिचा जुना मित्र कोल तिचा माग काढत येतो आणि रागाने बाहुला आपटून फोडतो, तेव्हा आरशामागून हा बाहेर पडतो. मग यादीतली एकेक ओळ उलगडते. फ्रीझरमधलं जेवण त्याचं. मोठ्याने गाणी आणि वाचून दाखवलेली गोष्ट भिंतीपलीकडच्या कानांसाठी. वेड्या म्हाताऱ्यांची वाटणारी यादी म्हणजे घरात दडवलेल्या माणसाच्या पोटापाण्याची चोख व्यवस्था होती. सिनेमा दुसऱ्यांदा बघताना जी मजा येते ती इथे. भुताचा सिनेमा दुसऱ्यांदा सहसा फिका पडतो, हा त्या यादीमुळे जास्त भरतो.

भिंत फुटल्यानंतर मात्र नेहमीचीच पळापळ. अपवाद एकच. कोंडीत सापडलेली ग्रेटा त्या धिप्पाड माणसाला आईच्या सुरात दरडावते, झोपायची वेळ झाली, चल. आणि तो ऐकतो! पलंगावर आडवा होतो आणि पापा मागतो. नियम शेवटी तिच्याच कामी येतात.

ते घरही लक्षात राहतं. ते इंग्लंडात नाहीच, कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात आहे. क्रेगडारॉक कॅसल. कोळशाच्या खाणींवर गब्बर झालेल्या रॉबर्ट डन्समुइरने बांधायला घेतलं आणि १८८९ मध्ये, ते पुरं व्हायच्या आत, तो गेला. आता तिथे संग्रहालय आहे. छायालेखक डॅनियल पर्लने त्यातलं काळपट लाकूड असं टिपलंय की खोलीच्या कोपऱ्यात काही आहे की नुसतं कपाट, ते आपणच ठरवायचं.

२०२० मध्ये याच मंडळींनी दुसरा भाग काढला आणि माझ्या मते पहिल्यावर बोळा फिरवला. त्यात ठरवून टाकलं की बाहुल्यातच काहीतरी अमंगळ आहे. मग ती यादी, तो फ्रीझर, भिंतीतली वाट, सगळं कशासाठी होतं? आईला सांगितलंय, बघायचा नाही.

तिचं डोकं अजून पहिल्यातच अडकलंय. सकाळी चहाच्या वेळी तिने आणखी एक गाठ सोडवली, जी माझ्याकडून सुटली नव्हती. सुरुवातीला हीलशर आजी सांगतात, याआधीही मुली आल्या होत्या, पण ब्राम्सला पसंत पडल्या नाहीत. ग्रेटा पसंत पडते. निघताना आजी तिची हलक्या आवाजात माफी मागतात. मग दोघं मुलाला निरोपाचं पत्र लिहितात, ही मुलगी आता तुझी, आणि खिशात दगड भरून पाण्यात उतरतात.

“मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता तो,” आई म्हणाली. “मुलगा कसा आहे ते लपवून दुसऱ्याची पोरगी आणली घरात. आपल्याकडे काय कमी झालंय असं? लग्न झालं की सुधारेल म्हणायचं.”

काल जिच्या हातातली माया तिला दिसली होती, त्याच बाईबद्दल बोलत होती. मी म्हटलं, पण पोटचा मुलगा ना, काय करतील. तर म्हणाली, “पोटचा म्हणून भिंतीत ठेवला, तिथवर ठीक. त्या पोरीचं काय? तिलाही कुणी आई असेलच की मोंटानात.” आणि चहा गरम करायला उठली.